आमिश, वीज आणि बहिष्कार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमिश हा अमेरिकेतील जुन्या वळणाने राहणारा ख्रिस्ती पंथ. त्या लोकांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. (जाता जाता, ‘आमिष’ नव्हे, ‘आमिश’, हे नाव पंथाचा प्रवर्तक जाकोब आमान याच्या आडनावावरून आले.) आपले दोन आक्षेप आहेत. घरात विजेची तार येऊ न देणारे, पण भाड्याच्या मोटारीत खुशाल बसणारे हे लोक दांभिक आहेत, हा पहिला. आणि महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने ज्या सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवले, त्यावरच उभ्या असलेल्या समाजाचे मी कौतुक केले, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसरा बराचसा मान्य आहे.

वीज किंवा मोटार हे पाप आहे असे आमिश मानत असते, तर दांभिकपणाचा आरोप लागू पडला असता. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : ही वस्तू घरात आली तर मंडळीचे, म्हणजे एकत्र प्रार्थना करणाऱ्या समुदायाचे, काय होईल? त्यांची प्रार्थनासभा एक रविवार आड, आळीपाळीने एकेकाच्या घरी भरते आणि बसायची बाकेसुद्धा घोडागाडीतून या घरून त्या घरी जातात. ही रीत टिकायची तर सगळी घरे घोड्याच्या टप्प्यात हवीत. स्वतःची मोटार दारात उभी राहिली की हा टप्पाच मोडतो, अडल्यानडल्या वेळी भाड्याने घेतलेल्या मोटारीने तो मोडत नाही. फोनचेही तसेच. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात रस्त्याकडेला लहानसे लाकडी खोपटे दिसते. त्यात फोन असतो, बहुधा दोन-तीन घरांत मिळून एक. बोलायचे तर तिथवर चालत जायचे. जेवताना घंटा वाजत नाही. हा हिशेब आपल्याला पटो न पटो, त्यात लपवाछपवी नाही.

बहिष्काराबाबत मात्र आपण नेमके बोट ठेवलेत. १६९३ साली स्वित्झर्लंड आणि अल्सास येथील बंधुमंडळींत (ख्रिस्ती पंथीयांत) फूट पडून आमिश वेगळे झाले तेच मुख्यतः ‘मायडुंग’च्या, म्हणजे बहिष्काराच्या, कडक अंमलावरून. कडक मंडळींत बहिष्कृताचे पान वेगळ्या टेबलावर वाढतात आणि त्याच्या हातून थेट काही घेत नाहीत. मग तो सख्खा मुलगा का असेना. बाप्तिस्मा वयात आल्यावर स्वतः मागून घ्यायचा असतो आणि तो न घेता बाहेर पडणाऱ्यावर बहिष्कार नसतो, एवढे सांगून मी लेखात हा विषय संपवला होता. ते अपुरे होते. शाळा आठवीपर्यंतच, सगळी नातीगोती मंडळीत, अशा स्थितीत विशीतल्या मुलाने बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेला शब्द कितपत मोकळेपणाने दिलेला म्हणावा? १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याचा आमिश पालकांचा हक्क मान्य केला, तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः वेगळे मत नोंदवले होते : मुलांना काय हवे, हे मुलांनाच विचारायला हवे. हे निकालपत्र मला ठाऊक होते. तरी लेखात त्याचा उल्लेख मी केला नाही, ही चूक माझी.

मूळ लेखातील बाप्तिस्म्याबद्दलचे ‘पूर्णपणे स्वेच्छेने’ हे दोन शब्द आज काढून टाकले आहेत.