बेसबॉल कार्डांवर इस्त्री फिरवण्याआधी

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: तीस वर्षांपेक्षा जुनं कुठलंही बेसबॉल कार्ड म्हणजे सोनं. १९८७ ते १९९१ची न उघडलेली खोकी आत्ताच घेऊन ठेवा, मुलांच्या कॉलेजची सोय होईल. विकण्याआधी कार्डं ओल्या फडक्याने पुसा, मळ खोडरबराने काढा, दुमडलेली इस्त्रीने सरळ करा, झिजलेल्या कडा कटरने छाटा. मग कार्डं तपासून दहापैकी गुण देणाऱ्या ‘पीएसए’ या कंपनीकडे पाठवून प्लास्टिकच्या डबीत बंद करून घ्या, किंमत दहापट. भाव ईबेवर बघा. या कमाईवर कर नाही. शेवटी अर्थातच ‘दहा जणांना पाठवा’.

न्यू जर्सीत घर घेतलेल्या माझ्या मावसभावाला माळ्यावर आधीच्या मालकाचं एक खोकं सापडलंय. त्याने काल फोन करून विचारलं, इस्त्री सुतीवर ठेवू की रेशमावर? म्हणून हे लिहावं लागतंय.

तेव्हा आधी इस्त्री. बेसबॉल कार्ड म्हणजे कागदाच्या थरांचा पुठ्ठा, पुढे खेळाडूच्या चित्राची छपाई आणि बऱ्याचदा वर चकाकीचा पातळ लेप. कार्ड दुमडलं की आतले तंतू तुटतात आणि लेप तडकतो. तुटलेले तंतू उष्णतेने जुळत नाहीत. उलट लेप मऊ होऊन निस्तेज पडतो, वाफेने पुठ्ठा फुगतो, कोपऱ्यांतले थर सुटायला लागतात. जुन्या पाकिटांचं वेष्टण मेणकागदाचं असायचं. ते मेण कार्डाला लागलेलं असेल तर इस्त्रीखाली वितळून पुठ्ठ्यात मुरतं, म्हणजे वरवरचा डाग आत जाऊन तेलकट आणि कायमचा होतो. एवढं करून घडीची रेघ जात नाहीच. खोडरबराने मळ निघतो हे खरं, पण त्याबरोबर लेपही निघतो. कार्ड दिव्याखाली तिरकं धरलं की घासलेला भाग लगेच मंद दिसतो, आणि जाणता गिऱ्हाईक कार्ड हातात आल्यावर सर्वांत आधी तेच करतो.

पाण्याबद्दल मात्र अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेली ‘टी-२०६’ कार्डं त्या वेळच्या मुलांनी खळीने वह्यांत चिकटवली होती. ती सोडवायला जुने संग्राहक पाणीच वापरतात. पण ते ओलं फडकं नसतं. उथळ ताटलीत खोलीच्या तापमानाचं डिस्टिल्ड पाणी घेतात, वहीच्या पानाचा तुकडा कार्डासकट त्यात बुडवतात, कार्ड आपसूक सुटेपर्यंत थांबतात. त्याला कितीही वेळ लागो, नख लावत नाहीत. मग मागची उरलेली खळ बोटाने हलकेच सारून कार्ड टिपकागदांच्या मध्ये, वर जाड पुस्तकांचं वजन ठेवून वाळवतात आणि टिपकागद बदलत राहतात. त्या काळची लिथोग्राफीची शाई हे सोसते. सही केलेल्या कार्डावर किंवा नव्वदच्या दशकातल्या चकचकीत लेपाच्या, सोनेरी-रुपेरी वर्खाच्या कार्डावर हाच प्रयोग केला तर हाती लगदा येईल. समोरच्या बाजूच्या मेणाच्या डागावर नायलॉनचा पायमोजा कोरडाच हलक्या हाताने फिरवला तर मेण निघतं, तेही लेप असेल तरच. घरगुती उपायांची यादी इथे संपते.

आता कडा छाटणं. मेसेज लिहिणाऱ्याला हे बहुधा नखं कापण्याइतकं निरुपद्रवी वाटलं असावं. या छंदातलं सर्वांत प्रसिद्ध कार्ड म्हणजे टी-२०६ मालिकेतलं होनस वॅग्नरचं कार्ड, आणि त्यातली सर्वांत नावाजलेली प्रत १९९१ साली सदबीजच्या लिलावात हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली. पीएसएने प्रतवारी केलेलं पहिलंच कार्ड ते. दहापैकी आठ गुण मिळाले. इतक्या जुन्या कार्डाच्या कडा एवढ्या धारदार कशा, अशी कुजबूज वर्षानुवर्षं चालू होती. २०१३ साली लिलावातल्या फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल करताना बिल मास्ट्रो या लिलावदाराने सांगून टाकलं की ते कार्ड त्याने छाटलं होतं. खटला मुख्यतः खोट्या बोली लावण्याचा होता, आणि २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली.

‘म्हणजे छाटून फायदा झालाच की!’ असं म्हणणारेही भेटतात. त्यांना एवढंच सांगतो की ते वॅग्नरचं कार्ड होतं आणि प्रतवारीचा धंदा तेव्हा नुकता जन्मला होता. आज कार्ड मोजलं जातं. १९५७ पासून टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंच, त्याआधी १९५२ ते १९५६ दोन पूर्णांक पाच अष्टमांश बाय पावणेचार इंच. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या कार्डावर ठेवून पाहिलं की मिलिमीटरभराची तूटही दिसते. कारखान्याच्या कापाला बारीक खडबडीतपणा असतो, ताज्या पात्याची कड पांढरीशुभ्र आणि गुळगुळीत असते. कार्डाचा दर्शनी भाग झिजलेला आणि कोपरे मात्र सुईसारखे असतील तर कोणी विचारायचीही गरज नाही. अशा कार्डाला आकडा मिळत नाही, ‘अस्सल पण फेरफार केलेलं’ असा शिक्का मिळतो आणि भाव कोसळतो. गोल झालेल्या कोपऱ्यांचं, मळकं, पण न छेडलेलं १९५५चं कार्ड घ्यायला लोक रांग लावतात. छाटलेलं तेच कार्ड पडेल भावात जातं.

खोक्यांचा मुद्दा पैशाच्या दृष्टीने याहून वाईट, कारण लोक खरोखर पैसे घालतायत. मेसेजमध्ये दाखला दिलाय मिकी मँटलच्या १९५२च्या टॉप्स कार्डाचा, जे ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेजच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उफराटा. ते कार्ड, क्रमांक ३११, त्या वर्षीच्या शेवटच्या मालिकेतलं. त्या काळी टॉप्स कार्डं टप्प्याटप्प्याने बाजारात आणायची. शेवटचा टप्पा येईपर्यंत मुलांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं असायचं आणि दुकानदार माल उचलत नसत. उरलेली खोकी वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली आणि टॉप्सच्या साय बर्गरने स्वतः सांगितल्याप्रमाणे १९६० साली ती बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवली गेली. बाकीची मुलांनी सायकलच्या चाकांत अडकवली, रबरबँडने बांधली, आईने फेकून दिली. १ कोटी २६ लाखांचं कार्ड बोस्टनजवळ सापडलेल्या ज्या साठ्यातून आलं, तसा साठा पुन्हा निघालेला नाही.

१९८७ साली नेमकं उलटं घडलं. जुन्या कार्डांचे भाव वर्तमानपत्रांत यायला लागले होते, त्यामुळे सगळ्यांनीच खोकी न उघडता जपून ठेवली. टॉप्स, डॉनरस, फ्लीअर, पुढे स्कोअर आणि अपर डेक, सगळ्यांनी छापखाने दिवसरात्र चालवले. टॉप्सचा ७९२ कार्डांचा संच म्हणजे प्रत्येकी १३२ कार्डांचे सहा ताव. सगळे ताव सारखेच छापले, म्हणून स्टार खेळाडू बॅरी बाँड्सचं कार्ड आणि एखाद्या राखीव पिचरचं कार्ड यांची संख्या सारखीच. अमेरिकी संग्राहक या काळातल्या मालाला सरळ ‘जंक वॅक्स’, म्हणजे मेणपाकिटांतला कचरा, म्हणतात.

हिशेबच करू. १९८७च्या टॉप्सच्या खोक्यात ३६ पाकिटं, प्रत्येकात १७ कार्डं, एकूण ६१२. एकही कार्ड दुबार आलं नाही तरी ७९२चा संच पुरा होत नाही. पाकीट तेव्हा ४० सेंटला होतं, म्हणजे खोकं १४ डॉलर ४० सेंटला. तेव्हापासून डॉलरची महागाई पावणेतीन पटीच्या आसपास, म्हणजे आजचे साधारण ४० डॉलर. आणि ते खोकं आज साधारण तेवढ्यालाच मिळतं. इतकी वर्षं कपाटात जागा अडवून महागाईशी बरोबरी. कॉलेजची फी कुठून येणार?

शिवाय ‘न उघडलेलं’ याची खात्री कशी करणार? टॉप्सची त्या काळची मेणपाकिटांची खोकी कारखान्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतच नसत, झाकण नुसतं घडी करून बसवलेलं असायचं. त्यामुळे ‘फॅक्टरी सील’ म्हणून दाखवलं जाणारं चकचकीत प्लास्टिक नंतर कोणीतरी चढवलेलं असतं. ते खोकी तपासून प्रमाणित करणाऱ्या नावाजलेल्या तपासनीसाचं असू शकतं, किंवा कोणाच्याही तळघरातल्या हेअर ड्रायरचं. मेणाचं पाकीट उघडून, हवं ते कार्ड काढून, किंचित उष्णता देऊन पुन्हा चिकटवणं ही जुनी कारागिरी आहे. मागच्या घडीवर मेणाच्या दोन रेघा दिसल्या, घडीच्या खुणा एकमेकींवर बसत नसल्या, किंवा कार्डांबरोबर येणारा च्युइंग गमचा तुकडा भलत्याच जागी असला तर पाकीट परत करा. (तो गम खाऊ नका. दरवर्षी कोणीतरी खातंच.) पारदर्शक सेलो किंवा रॅक पाकिटात वरच स्टार खेळाडू दिसत असेल तर संशय दुप्पट. काही कंपन्यांची कार्डं ठरावीक क्रमाने भरलेली असत. चार पाकिटं फोडली की उरलेल्यांत काय आहे याचा अंदाज जाणकाराला यायचा, म्हणून सुटी पाकिटं ही बहुधा निवडून उरलेली. तपासनीसही चुकतात. २०२२च्या जानेवारीत लोगन पॉल या यूट्यूबरने ३५ लाख डॉलरला घेतलेली, तपासून प्रमाणित केलेली पोकेमॉन कार्डांची पेटी उघडली, तर आत जी. आय. जो या खेळण्यांची कार्डं निघाली.

त्या वर्षांत काहीच चांगलं नाही असं नाही. १९९०च्या टॉप्समध्ये फ्रँक थॉमसचं ४१४ क्रमांकाचं कार्ड काळी शाई न उमटल्याने नावाशिवाय छापलं गेलं, त्याला खरोखर मोठी किंमत आहे. १९९१ साली आखातातल्या सैनिकांसाठी पाठवलेली, ‘डेझर्ट शील्ड’चा सोनेरी ठसा असलेली टॉप्स कार्डंही शोधली जातात, पण तो ठसा घरी मारणारेही आहेत, म्हणून भिंगाशिवाय घेऊ नयेत. बाकी प्रत्येक खोक्यात खजिना वगैरे थापा आहेत.

डबीत घातलं की दहापट? पीएसएची स्वस्तातली सेवासुद्धा कार्डामागे वीस डॉलरच्या आसपास किंवा वर, शिवाय टपाल आणि विमा. दोन डॉलरच्या कार्डाला नऊ गुण मिळाले तर बहुतेकदा तेवढेही वसूल होत नाहीत. फरक पडतो तो दहाला, आणि दहासाठी चारही कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि पुढच्या बाजूला साधारण ५५-४५च्या आतलं मध्यसंतुलन लागतं. पट्टीने डावी-उजवी आणि वरची-खालची किनार मोजा, निम्मी कार्डं तिथेच बाद होतील. दहा मिळूनही भागत नाही. केन ग्रिफी ज्युनियरच्या १९८९च्या अपर डेक कार्डाला एकट्या पीएसएनेच चार हजारांहून जास्त वेळा दहा दिले आहेत. त्याला भाव येतो तो ग्रिफीमुळे. त्याच संचातल्या अनोळखी खेळाडूच्या दहाला कोण विचारतो?

ईबेवर भाव बघा, पण ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावून. मागितलेली किंमत कोणीही काहीही लिहितो. १९९०च्या फ्लीअरमधलं होसे उरिबेचं अगदी सामान्य कार्ड लाखो डॉलरला लावलेलं पाहून लोक तळघरं उपसायला लागले होते. ते कार्ड चिल्लरीत मिळतं.

मावसभावाच्या खोक्यासाठी मात्र खरं काम आहे. रबरबँड ओढू नको, जुनं रबर कार्डाला चिकटलेलं असतं, कात्रीने काप. कार्डाच्या मागे आकडेवारीची शेवटची ओळ ज्या वर्षाची, त्याच्या पुढचं वर्ष बहुधा कार्डाचं. १९७३ आणि त्याआधीची वेगळी काढ, कारण टप्प्याटप्प्याने छापण्याची पद्धत तेव्हापर्यंतच होती. दहापट भिंगाखाली अक्षरं बघ: जुन्या कार्डांत काळी अक्षरं सलग शाईची असतात, ठिपक्यांची जाळी दिसली तर पुनर्मुद्रण समज. १९४० आधीचं कार्ड अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळसर पांढरं चमकलं तर कागद नंतरचा आहे. चांगली वाटतील ती आधी मऊ पातळ पिशवीत आणि मग कडक टॉपलोडरमध्ये घाल, उघडं कार्ड थेट टॉपलोडरमध्ये नको. नव्वदच्या दशकातली चकचकीत कार्डं दमटपणाने एकमेकांना चिकटून वीट झाली असतील तर ओढून सोडवायला जाऊ नकोस, लेप फाटेल.

आणि कर आहे. अमेरिकेत संग्राह्य वस्तू वर्षभरापेक्षा जास्त ठेवून नफ्यात विकल्या तर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, शेअर्सवरच्या दीर्घकालीन करापेक्षा जास्त. कार्डं विकत घेतली असतील तर पावत्या जपून ठेवा. माळ्यावर फुकट सापडली असतील तर मूळ खर्च काय दाखवायचा हे विकण्याआधी सीपीएला, म्हणजे अमेरिकेतल्या सीएला, विचारा.