कणकवलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: दोन फील्ड जोडून भागत नाही

कणकवलीकर, नमस्कार.

तुमचं म्हणणं असं: दोन ग्रुपचं फ्री प्रॉडक्ट (दोघांची अक्षरं आळीपाळीने लिहून होणाऱ्या शब्दांचा ग्रुप) मॅट्रिक्सने लिहायचं तर दोन्ही ग्रुपचं कॅरॅक्टरिस्टिक (मॅट्रिक्सच्या फील्डमध्ये १ किती वेळा मिळवला की शून्य येतं तो आकडा) एकच हवं, ही अट मी लेखात उगाच घातली. फील्डचा (जिथे भागाकारही चालतो) हट्ट सोडून दोन फील्डच्या गुणाकाराची रिंग (जिथे भागाकाराची हमी नाही) घ्यावी, ज्याला त्याला आपापलं फील्ड मिळेल. वर ‘लेख कच्चा आहे’ हा घरचा आहेर!

अट उगाच नाही. ‘अ’ हा असा अनंत आबेली ग्रुप (क्रम बदलला तरी गुणाकार तोच) घ्या, की प्रत्येक घटकाचा वर्ग एकक, म्हणजे ग्रुपमधला १. कॅरॅक्टरिस्टिक २ च्या अनंत फील्डवर २×२ मध्ये तो आरामात बसतो: कर्णावर १, उजव्या वरच्या कोपऱ्यात हवं ते, खाली शून्य. दुसऱ्या कुठल्याही कॅरॅक्टरिस्टिकमध्ये मात्र योग्य आधार (बेसिस) घेतला की या सगळ्या मॅट्रिक्स एकदमच डायगोनल (कर्णाबाहेर शून्य) होतात, कर्णावर १ किंवा −१ एवढंच येतं, आणि क×क आकारात फार तर २ चा क-वा घात इतके घटक मावतात. ‘ब’ तसाच, पण वर्गाऐवजी घन आणि कॅरॅक्टरिस्टिक ३.

तुमची रिंग डायरेक्ट प्रॉडक्टला (जिथे ‘अ’ आणि ‘ब’ च्या अक्षरांचा आपसातला क्रम बघावा लागत नाही) पुरते, तेवढंच. कोकण रेल्वेच्या रोहा–वीर या दुहेरी मार्गावर दोन गाड्या एकमेकींना न विचारता जातात. पुढे एकेरी मार्गावर कोण आधी, कोण क्रॉसिंगला थांबणार, हे ठरवावंच लागतं. फ्री प्रॉडक्ट हा सगळा क्रमाचाच कारभार आहे.

आता ‘अ’ आणि ‘ब’ यांचं फ्री प्रॉडक्ट तुमच्या रिंगवर बसत नाही, याची सिद्धता. समजा, बसलं. गुणाकार-रिंगवरची मॅट्रिक्स म्हणजे दोन मॅट्रिक्सची जोडी. पहिल्या फील्डवर जे शब्द एकक होतात त्यांचा संच ‘प’, दुसऱ्यावर होतात त्यांचा ‘फ’. दोन्ही नॉर्मल सबग्रुप: त्यांतला शब्द कॉन्जुगेट केला, म्हणजे डावीकडे कुठलाही घटक आणि उजवीकडे त्याचा व्यस्त लावला, तरी तो आतच राहतो. दोन्हीकडे एकक होणारा शब्द मुळातच एकक, म्हणून प आणि फ यांच्यात सामाईक फक्त एकक. मग प मधला x आणि फ मधला y यांचा कम्युटेटर (xyx⁻¹y⁻¹) दोन्हीत पडतो, म्हणजे एकक. ते एकमेकांशी कम्यूट होतात, म्हणजे क्रम उलटला तरी गुणाकार तोच.

समजा दोन्हीत एककाखेरीज काही आहे. प मधला एक शब्द घ्या आणि योग्य घटकाने कॉन्जुगेट करून तो ‘अ’ च्या अक्षराने सुरू होणारा व संपणारा करा. फ मधला तसाच ‘ब’ च्या अक्षराने. (‘अ’ आणि ‘ब’ मध्ये दोनहून जास्त घटक आहेत म्हणून हे जमतं.) एका क्रमाने गुणाकार ‘अ’ ने सुरू होतो, उलट्या क्रमाने ‘ब’ ने, आणि मध्ये काहीच कापलं जात नाही. दोन शब्द वेगळे, म्हणजे कम्यूट कसले होतात! तेव्हा प किंवा फ यांपैकी एकात एककाखेरीज काही नाही, आणि अख्खं फ्री प्रॉडक्ट एकाच फील्डवर बसलं पाहिजे. कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये ‘ब’ मावत नाही, ३ मध्ये ‘अ’.

एकच कॅरॅक्टरिस्टिक असेल तर मात्र हरकत नाही, हे गणितज्ञ निस्नेविच यांनी १९४० मध्येच दाखवलं.

आणि हो, रिंग कम्युटेटिव्ह नको म्हणत असाल, तर कुठलाही ग्रुप स्वतःच्या ग्रुप रिंगमध्ये (ग्रुपच्या घटकांच्या बेरजांची रिंग) १×१ मॅट्रिक्स होऊन बसतोच. त्यासाठी लेख कशाला लिहू?