पोट माझं, मेनू सोसायटीचा

नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या भाजीबाजारात एका मावशीने मला पपई विकायला साफ नकार दिला. पैसे माझ्या हातात होते आणि पपई तिच्या तराजूत. तेवढ्यात तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली घसरली आणि पोटापाशी थबकली. पाचवा महिना चालू होता. तिने पपई उचलली आणि मागच्या टोपलीत ठेवून दिली.

"कोणासाठी हवीय?"

"घरात सगळ्यांसाठी."

"सगळ्यांत तू पण आली ना? मग नाय द्यायची. उद्या काय झालं तर म्हणशील, मावशीची पपई खाल्ली."

"अहो, पिकलेली आहे ती."

"पिकली तरी पपईच ना," हे शेजारच्या कोथिंबीरवालीने सांगितलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. मग मेथी निवडणारी एक बाई जुड्या खाली ठेवून आमच्यात आली. पाठोपाठ हातात दुधीभोपळा घेतलेले एक काका आले आणि त्यांनी डाळिंब सुचवलं. डाळिंबवाला बरोबर पलीकडेच बसला होता, हा निव्वळ योगायोग असावा असं मी अजूनही स्वतःला समजावते. पाच मिनिटांनी मी बाजारातून निघाले तेव्हा पिशवीत सटाण्याची डाळिंबं होती, बीट होतं, मेथी होती. पपई नव्हती.

डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, कच्च्या पपईत चीक असतो, ती खाऊ नका. पूर्ण पिकलेली चार फोडी खाल्लीत तर काही होत नाही. मी घरी येऊन आणखी शोधलं. २००२ साली शास्त्रज्ञांनी उंदरिणींवर प्रयोग केला होता. पिकलेल्या पपईच्या रसाने त्यांना काही झालं नाही, कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशय आकुंचन पावलं. हे मी मावशीला नक्की सांगितलं असतं. पण त्या उंदरिणींना पपई पवननगरातून आणावी लागली नव्हती. शेवटी नवऱ्याने एक पपई हेल्मेटमध्ये लपवून घरी आणली आणि आम्ही ती बेडरूमचं दार लावून खाल्ली.

घरात सासूबाईंचं धोरण वेगळं. त्यांना बंदीत रस नव्हता, त्यांचा भर पुरवठ्यावर होता. "दोन जिवांची आहेस," असं म्हणत त्या ताटात एक भाकरी वाढायच्या, मग दुसरी. "ही तुझी, ही बाळाची." पाचव्या महिन्यातलं बाळ भरतं जेमतेम तीनशे ग्रॅम. पावशेराहून थोडा जड माणूस एका बैठकीला अख्खी ज्वारीची भाकरी, वाटीभर पिठलं आणि वर साजूक तूप खातो, हे गणित मला झेपेना. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, चौथ्या महिन्यापासून दिवसाला ३५० कॅलरी जास्त. म्हणजे दोन पोळ्या, एक वाटी उसळ आणि कपभर दूध, तेही दिवसभरात मिळून. कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "बरं. मग हे धर, हे कागदावरचं," आणि तिसरी भाकरी वाढली.

अंबडच्या ऑफिसात आमच्या अकाउंट्सला एक सर आहेत. त्यांच्या दोन मुलांच्या बाळंतपणात ते स्वतः एकदाही हजर नव्हते. एकदा इयर एंडिंग होतं आणि एकदा स्टॉक ऑडिट. पण "आमच्या मिसेसच्या वेळेला" हे वाक्य ते इतक्या अधिकाराने म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं कळा यांनीच सोसल्या. माझा डबा उघडला की सर मान लांब करायचे. वांगं दिसलं की "उष्ण!" दही दिसलं की "थंड!" बटाटा दिसला की "वात!" शेवटी मी डबा न उघडताच झाकणाकडे बघून जेवायला लागले, म्हणजे जवळजवळ तसंच.

औषधांचं तर विचारूच नका. सकाळी लोहाची गोळी, रात्री कॅल्शियमची. दोन्हींत अंतर ठेवायचं, नाहीतर कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहासुद्धा नाही. आमच्या घरी चहा सातला, अकराला, चारला आणि सहाला होतो, त्यामुळे गोळी बसवायची कुठे हा रेल्वेच्या वेळापत्रकासारखा प्रश्न झाला. त्यात वरच्या मजल्यावरच्या आजी. रोज पाचला खाली उतरायच्या, सोफ्यावर बसायच्या आणि माझ्याकडे मोसंबी निवडल्यासारख्या बघायच्या.

"लोहाच्या गोळीने बाळ काळं होतं," आजी म्हणाल्या. "केशर घाल दुधात. गोरं होतं."

मी म्हटलं, "आजी, दोन्ही घेतलं तर?"

आजींनी विचार केला. "मग आईबापावर जाईल."

एवढी शास्त्रशुद्ध गोष्ट त्या नऊ महिन्यांत दुसऱ्या कुणी मला सांगितली नाही. हिमोग्लोबिन अकराच्या खाली होतं, म्हणून गोळी मी घेतलीच. केशराचा खर्च वाचवला.

फेब्रुवारीत निफाडहून मामेसासूबाईंनी द्राक्षांची पेटी पाठवली. नाशकात राहून द्राक्षं नको म्हणणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवण्यासारखं. पण माझी आई धुळ्याहून फोनवर: "द्राक्षं अजिबात नको. उष्ण असतात." मामी फोनवर: "खा बिनधास्त, थंड असतात." सासूबाई म्हणाल्या, थंड म्हणूनच नको, बाळाला सर्दी होईल. एकच फळ एकाच दुपारी उष्णही ठरलं आणि थंडही. मी दोन्ही फोन स्पीकरवर टाकले, एकमेकांसमोर ठेवले आणि आत जाऊन पडले. अर्ध्या तासाने बाहेर आले तर विषय धुळ्याच्या लग्नातल्या आहेरापर्यंत पोचला होता. तेव्हापासून ही युक्ती मी अनेकदा वापरली. दोन सल्लागार एकमेकांना भेटवून द्यावेत, आपण पडून राहावं.

औषध फवारणीची शंका काढली, तर मामा भडकले. "एक्स्पोर्टचा माल आहे. तपासणी करून युरोपात जातो. त्यांच्या पोटाला चालतो आणि तुझ्या नाही?" मी द्राक्षं मिठाच्या पाण्यात धुऊन खाल्ली, अगदी घोसच्या घोस. गंमत म्हणजे काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी खायच्या, यावर धुळे, निफाड आणि सिडको यांचं पूर्ण एकमत होतं. द्राक्षाने उन्हात वाळून एकदा प्रायश्चित्त घेतलं, की ते सगळ्यांना चालतं.

मार्चमध्ये साखरेची तपासणी झाली. ग्लासभर पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज, पाच मिनिटांत संपवायचं आणि मग दोन तासांनी रक्त द्यायचं. ज्या घरात दोन महिने "गोड जपून खा" चाललं होतं, त्या घरच्या सुनेला दवाखान्यात बसवून हे पाजलं गेलं. साखर १४०च्या आत हवी, माझी ११८ आली. सासूबाईंनी याचं श्रेय मेथीच्या पुडीला दिलं, आईने नाचणीच्या सत्त्वाला, ऑफिसातल्या सरांनी स्वतःला. माझ्या स्वादुपिंडाचं नाव कुणी घेतलं नाही.

डोहाळजेवणाला सगळ्या बंद्या एक दिवसासाठी उठल्या. प्रत्येक जण काहीतरी घेऊन आलं होतं आणि प्रत्येकीचा घास खायचा होता. शेवटी झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सोनोग्राफीच्या खोलीत १९९४च्या कायद्याची पाटी लावलेली असते, इथे गर्भलिंगनिदान होत नाही म्हणून. आमच्या हॉलमध्ये ती लावायला हवी होती. मी दोन्ही वाट्या उघडून दोन्ही खाल्लं, तेव्हा मागून कुणीतरी "जुळं!" म्हणालं आणि सासूबाईंना खाली बसावं लागलं.

पण खरं दुःख होतं मिसळीचं.

नाशिकमध्ये रविवार सकाळी माणूस एकतर मिसळ खात असतो किंवा मिसळीच्या रांगेत उभा असतो. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, पापड, दही, पाव. मला पाचव्या महिन्यापासून हे बंद. वरच्या आजींचा हुकूम होता: "तिखट खाल्लंस तर बाळाचे डोळे चुरचुरतात." सासूबाईंनी दुजोरा दिला. नवरा दर रविवारी मित्रांबरोबर मखमलाबादकडे जायचा आणि शर्टाला रश्शाचा वास घेऊन यायचा. मी तो शर्ट धुवायला टाकण्याआधी जरा वेळ हातात धरायची. याहून जास्त मी सांगणार नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी नवा आहारतक्ता दिला. त्यात तिसऱ्या ओळीला होतं: "मोड आलेली कडधान्यं, नीट शिजवून, वरून लिंबू पिळून. लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं." मी ती ओळ दोनदा वाचली. मोड आलेली मटकी, शिजवलेली, वर लिंबू. नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "हे तर..." मी म्हटलं, "हेच." तक्ता पर्समध्ये घातला आणि आम्ही थेट मिसळीला गेलो. वेटरला रस्सा मध्यम सांगितला, कांदा जास्त. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, निम्मं तिखटाचं. बाळाने आतून एक सणसणीत लाथ मारली. तो निषेध होता की आणखी रश्शाची मागणी, ते आजवर कळलेलं नाही.

रात्री छातीत अशी जळजळ झाली, की मी उशांचा डोंगर करून बसल्या बसल्या झोपले. सातव्या-आठव्या महिन्यात मिसळीशिवायही हे होतंच म्हणा. जठराच्या तोंडची झडप सैल पडलेली असते आणि खालून बाळ ढकलत असतं. पण दुसऱ्या दिवशी पाचला आजींनी माझा चेहरा बघून गुन्हा ओळखला. मी शिव्यांची वाट बघत होते. आजी म्हणाल्या, "जळजळ होते? होऊ दे. बाळाला जावळ भरपूर येणार."

याला मी मनापासून हसले. मग सवयीने शोधलं आणि गप्प झाले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हे थोतांड खोडून काढायचं म्हणून ६४ गरोदर बायकांच्या जळजळीची नोंद ठेवली, बाळांच्या केसांचे फोटो तपासले आणि २००६ मध्ये छापून टाकलं, की जळजळ जास्त तिथे केस जास्त, असा संबंध खरंच दिसतो. नऊ महिन्यांतला जो एक सल्ला मी उडवून लावला, नेमका त्याच्याच पाठीशी विद्यापीठ उभं. मी आजींना तसं सांगितलं. आजींना जॉन्स हॉपकिन्सचं काडीचं कौतुक वाटलं नाही. "त्यांना आत्ता कळलं होय?"

मग मी जळजळ अभिमानाने सोसली. मध्यरात्री थंड दूध पीत खिडकीशी बसून जावळाची स्वप्नं पाहिली. सासूबाईंनी बारीक दातांची फणी आणली. आईने धुळ्याहून तीन टोपडी शिवून पाठवली, केस मावतील अशी जरा मोठी.

जूनमध्ये मुलगी झाली. तीन किलो वजन, दणदणीत आवाज, आणि डोकं लख्ख, पवननगरच्या डाळिंबासारखं. एक केस नाही. टोपडं नाकापर्यंत यायचं.

बाराव्या दिवशी वरच्या आजी बघायला आल्या. त्यांनी टोपडं वर सारलं, त्या तुळतुळीत डोक्यावरून दोनदा हात फिरवला आणि माझ्याकडे अतिशय नाराजीने पाहिलं.

"मिसळ कमी पडली गं तुला."