'शिळा' प्लाझ्मा आणि फ्रीजबाहेरच्या प्लेटलेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

दात्याच्या एका पिशवीतून तीन घटक वेगळे करतात: तांबड्या पेशी, रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी म्हणजे प्लेटलेट, आणि पेशी वगळून उरणारा पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. या रक्तघटकांवरच्या माझ्या लेखाखाली म्हापशाच्या एका वाचकांनी सणसणीत प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "प्लाझ्मा उणे तीस अंशांवर वर्षभर टिकतो म्हणता आणि प्लेटलेट मात्र फ्रीजबाहेर ठेवून पाच दिवसांत फेकून देता. हा कुठला न्याय? बांगडा सकाळी बाहेर ठेवला तर संध्याकाळी वास मारतो. पूर्वी नातेवाईक शेजारी झोपून ताजं रक्त द्यायचे आणि माणसं वाचायची. आता एका पिशवीच्या तीन करायच्या, शिळा माल गळ्यात मारायचा आणि बिल तिप्पट."

बिलावर मी बोलत नाही, तो माझा प्रांत नव्हे. बाकीच्या मुद्द्यांना मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण हीच शंका रक्तपेढीच्या खिडकीशी उभा असलेला जवळजवळ प्रत्येक नातेवाईक मनात घेऊन असतो.

आधी फ्रीजचं. प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवण्याची कल्पना तुमच्या आधी अनेकांना सुचली होती आणि एके काळी तसंच करत. १९६९ साली मर्फी आणि गार्डनर या संशोधकांनी दाखवून दिलं की चार अंशांवर ठेवलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या शरीरात गेल्यावर झपाट्याने नाहीशा होतात, तर बावीस अंशांवर ठेवलेल्या कितीतरी जास्त काळ फिरत राहतात. गारठ्यामुळे प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे काही रेणू एकत्र गोळा होतात, यकृत ते ओळखतं आणि त्या पेशी बाजूला काढतं. म्हणून जगभर २० ते २४ अंश तापमान आणि पिशवी अखंड हळूहळू हलवत ठेवणारं यंत्र ही पद्धत रूढ झाली.

हलवायचं कशासाठी? प्लेटलेट जिवंत असतात, त्यांना प्राणवायू लागतो. पिशवीचं प्लास्टिक वायू आरपार जाऊ देणारं असतं, पण पिशवी निपचित पडून राहिली तर आतल्या पेशींना तो पुरत नाही. मग त्या साखर प्राणवायूशिवाय जाळतात, लॅक्टिक आम्ल साठतं, पीएच घसरतो, म्हणजे आंबटपणा वाढतो, आणि बशीसारख्या चपट्या पेशी गोल फुगतात. अशा पेशी रक्त थांबवायच्या कामाच्या राहत नाहीत. पावसाळ्यात वीज गेली की तंत्रज्ञाचा जीव त्या यंत्रात का अडकतो, हे यावरून कळेल.

तुमचा बांगडा इथे कामी येतो. बाजारात आपण कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासा घेत नाही. प्लेटलेटच्या पिशवीलाही तसे कल्ले आहेत. पिशवी उजेडासमोर धरून अलगद हलवली की आत रेशमासारखी झळाळी भोवऱ्यात फिरताना दिसते. चपट्या पेशी प्रवाहात एका दिशेने वळतात म्हणून ती दिसते. पेशी गोल झाल्या की झळाळी जाते, पिशवी मठ्ठ दिसते. कधी संधी मिळाली तर तंत्रज्ञाला दाखवायला सांगा, एकदा पाहिलं की विसरत नाही.

पाच दिवसांची मर्यादा मुख्यतः जंतूंमुळे आहे. बावीस अंश जंतूंनाही मानवतात. अमेरिकेत मध्यंतरी ही मुदत सात दिवस केली होती, संसर्ग दिसू लागल्यावर १९८६ मध्ये पुन्हा पाचवर आणली. पुढे जंतुतपासणीच्या जास्त चांगल्या सोयी आल्यावर तिथे काही अटींवर सात दिवसही चालतात.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा, आणि तो लहान नाही. थंड प्लेटलेट शरीरात कमी टिकतात खऱ्या, पण गुठळी बांधायला त्या जास्त तत्पर असतात आणि गारठ्यात जंतू सहसा वाढत नाहीत. अपघातात रक्त वाहत असलेल्या माणसाला पाच दिवसांनी फिरणाऱ्या प्लेटलेट नकोत, या क्षणी भोक बुजवणाऱ्या हव्यात. म्हणूनच २०२३ मध्ये अमेरिकी नियामकांनी, नेहमीच्या प्लेटलेट मिळत नसतील तर वाहत्या रक्तस्रावासाठी थंड प्लेटलेट १४ दिवसांपर्यंत वापरायला वाट करून दिली. केमोथेरपीच्या रुग्णाला मात्र त्या फारशा उपयोगाच्या नाहीत, कारण त्याला दिवसचे दिवस टिकणारा साठा हवा असतो. तेव्हा 'ताजं की शिळं' याआधी 'कोणासाठी' हे विचारावं लागतं.

प्लाझ्माचं गणित वेगळं, कारण त्यात जपायच्या आहेत त्या पेशी नव्हेत, प्रथिनं आहेत. रक्त घेतल्यापासून सहा-आठ तासांत गोठवला तर ती जवळपास आहेत तशी राहतात. रक्त गोठवणाऱ्या या प्रथिनांना 'घटक' म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. त्यांतला सगळ्यांत नाजूक म्हणजे आठव्या क्रमांकाचा घटक. वितळवलेला प्लाझ्मा फ्रीजमध्ये पाच दिवस ठेवला तर त्याची ताकद सुमारे एक तृतीयांश ते चाळीस टक्के कमी होते. पाचवा आणि सातवाही घटतो, गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते फायब्रिनोजेन मात्र फारसं हलत नाही. गुठळी होण्यासाठी घटक शंभर टक्के असावे लागत नाहीत, साधारण तीस टक्के पातळीवरही काम चालतं. शिवाय मोठ्या जखमेत शरीर आठवा घटक स्वतःच जास्त बनवतं. हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराच्या नेहमीच्या प्रकारात रुग्णाला आठवा घटक हवा असतो, पण त्याला आज शक्यतो प्लाझ्मा देतच नाहीत, त्या घटकाचं तयार औषध देतात. वर्षभर गोठवलेल्या पिशवीला शिळी म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. वितळल्यावर दोन दिवस पडून राहिलेली पिशवी म्हणालात तर होकाराची मान हलवीन.

नातेवाइकांच्या ताज्या रक्ताबद्दल जपून बोलतो, कारण तिथे भावना आहेत. ताज्या अखंड रक्तात तिन्ही घटक असतात, आणि सैन्याच्या वैद्यकीय पथकांना ते आजही महत्त्वाचं वाटतं. पण सख्ख्या नात्यातल्या माणसाचं ताजं रक्त हे उलट जास्त जोखमीचं असतं. त्यातल्या जिवंत पांढऱ्या पेशी रुग्णाला परक्या वाटत नाहीत, त्यामुळे त्या तग धरतात आणि रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. असं क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जीव जातो. म्हणून नात्यातलं रक्त किरणांनी प्रक्रिया करूनच द्यावं असा दंडक आहे. एचआयव्ही, कावीळ वगैरेंच्या चाचण्यांना वेळ लागतोच, तोवर 'शेजारी झोपून' देता येत नाही.

वाया जाण्याचा मुद्दा राहिला. पाच दिवसांचा माल आणि चवथीसारखा सण, जेव्हा अर्धा गोवा आपापल्या मूळ घरी असतो! सणात शिबिरं होत नाहीत आणि नेमका तोच डेंग्यूचा हंगाम. त्यात "प्लेटलेट चाळीस हजार" असा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरला की दात्यांची धावपळ सुरू. सिंगापूर आणि मलेशियातल्या इस्पितळांत प्रौढ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. वीस हजारांच्या खाली आलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्यांना प्लेटलेट देऊन काही फायदा दिसला नाही. म्हणजे या धावपळीतल्या पुष्कळ पिशव्या मुळात लागतच नव्हत्या.

तुम्हाला स्वतःला प्लेटलेट द्यायच्या असतील, तर आधीचे तीन दिवस अॅस्पिरिन घेऊ नका. त्या गोळीने निकामी झालेल्या प्लेटलेट पुन्हा कामाला लागत नाहीत. हृदयासाठी ती चालू असेल तर मात्र परस्पर बंद करू नका, रक्तपेढीला सांगा. आणि ऑपरेशन ऐनवेळी पुढे ढकललं तर प्लाझ्मा वितळवायच्या आत फोन करा, वितळलेली पिशवी पुन्हा गोठवत नाहीत.