छंदाचा वार ठरवा, पण दोघांचाही

2025 च्या नोव्हेंबरात आमच्या गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा फिडे वर्ल्ड कप झाला, उझबेकिस्तानचा सिंदारोव जिंकला आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसतं बुद्धिबळ चाललं होतं. भाच्याला क्लासला घालायचं ठरलं, छानच झालं. पण मी इथे जर्मनीत नोकरी सांभाळून बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहितो म्हटल्यावर फोंड्याहून प्रश्न आला, त्यातनं मिळतं काय रे? त्याच वर्षी जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी आठवड्याला 90 तास कामाचं काढलं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार म्हणाले, तेव्हा हाच ग्रुप केवढा चिडला होता! म्हणजे ऑफिसबाहेर वेळ हवा हे मान्य, पण त्या वेळात बिनपैशाचं काही केलं की तो फुकट गेला. मला हे अजिबात पटत नाही.

मिळतं काय ते सांगतो. सुरुवातीच्या पटावरून दोघांच्या मिळून चार चाली 1,97,281 प्रकारे होऊ शकतात, पाच चाली 48,65,609 प्रकारे. हे आकडे पक्के ठरलेले आहेत, आपल्या प्रोग्रामची मोजणी एकाने जरी चुकली तरी चाली काढण्यात कुठेतरी घोळ आहे समजायचं. एक जागा तर हमखास फसवते. आं पासां, म्हणजे दोन घरं पुढे येऊन आपल्या प्याद्याच्या शेजारी थांबलेलं समोरच्याचं प्यादं जाता जाता मारणं, त्यात एकाच आडव्या ओळीतून दोन प्यादी एकदम उठतात, आणि त्याच ओळीत एका बाजूला आपला राजा नि दुसऱ्या बाजूला समोरच्याचा हत्ती असला तर राजा उघडा पडतो. एकेक प्यादं तपासून हे कळतच नाही, दोन्ही उचलूनच बघावं लागतं. हे सापडतं तेव्हाचा आनंद पगारात नाही हो मिळत. आज जगज्जेत्यालाही भारी असलेला स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्रामसुद्धा 2008 मध्ये ग्लाउरुंग नावाच्या, सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या प्रोग्रामवरूनच सुरू झाला, आणि अजूनही लोक त्याच्या टेस्टिंगला घरचे कॉम्प्युटर फुकट देतात.

इथे जर्मनीत ‘मिळतं काय’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. शेजारी ठरल्या संध्याकाळी क्लबात जातो म्हणजे जातो. पण इथे आई नाही, काकी नाही, मी लॅपटॉप उघडला की मुलीला सांभाळणं सरळ बायकोवरच पडतं. गोव्यात घरात चार माणसं असतात म्हणून हे झाकलं जातं एवढंच. जत्रेच्या नाटकाची तालीम असली की दादा मध्यरात्रीपर्यंत देवळात, गाव कौतुक करतो, करायलाच हवं, पण वहिनीच्या भजनी मंडळाची प्रॅक्टिस असली तर तिने मात्र जेवण करून ठेवूनच जायचं. हे का?

म्हणून आमच्याकडे वार ठरलेत, तिच्या पोहण्याचे वेगळे नि माझे वेगळे. माझा छंद तसा सोयीचा, नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीशी रात्रभर हजारो डाव आपली आपण खेळते, मी बसायची गरज नसते. बग शोधणं मात्र वेळकाळ बघत नाही, पण तो सापडेना म्हणून तिची संध्याकाळ घ्यायची नाही. बग उद्यापर्यंत कुठे पळून जात नाही.

तेव्हा भाच्याला क्लासला जरूर घाला. फक्त ताईला तिचा वार कुठला हवा ते आधी विचारा, आणि त्या दिवशी त्याला न्यायचं-आणायचं भावोजींकडे.