जास्तीत जास्त तीनशे

‘“सूर्य उगवला नाही तर” या विषयावर जास्तीत जास्त ३०० शब्दांत निबंध लिहा.’ ही सूचना वाचल्यावर पहिला प्रश्न पडतो, एवढे शब्द आणायचे कुठून? दोन तासांनी दुसरा पडतो, एवढे शब्द टाकायचे कुठे? या दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात निबंध लिहून झालेला असतो आणि तो ४३० शब्दांचा असतो.

सांगण्यासारखं खूप असतं म्हणून शब्दमर्यादा ओलांडली जाते, हा आपला आपणच करून घेतलेला गोड गैरसमज. माझं ठाम मत असं की ती भीतीपोटी ओलांडली जाते. कोऱ्या कागदासमोर तीनशे हा आकडा डोंगराएवढा दिसतो. मग हात मेंदूची वाट न पाहता चालू लागतो आणि कागदावर हे उमटतं:

‘आजच्या धकाधकीच्या जीवनात सूर्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. प्राचीन काळापासून मानव हा सूर्यावर अवलंबून राहत आलेला आहे. अशा या सूर्याच्या बाबतीत जर का तो एके दिवशी उगवलाच नाही तर काय होईल, असा विचार माझ्या मनात सहजच डोकावून गेला.’

मोजून त्रेचाळीस शब्द. शीर्षकानं जे चार शब्दांत सांगितलं होतं, तेच. सूर्य अजून उगवलेला नाही आणि न उगवल्याचे परिणामही सुरू झालेले नाहीत. पण लिहिणाऱ्याला हायसं वाटतं, कारण डोंगराचा सातवा हिस्सा चढून झाला. ही वाक्यं म्हणजे गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून टाकलेले रुमाल. जागा धरल्या. खरे प्रवासी, म्हणजे कोमेजलेली झाडं, गोंधळलेले पक्षी, गारठत चाललेली जमीन, दोनशेव्या शब्दाच्या सुमारास धावत येतात आणि उभ्यानं प्रवास करतात. त्यांना उतरवायची वेळ येते तेव्हा रुमालवाले मात्र ढिम्म बसून असतात.

तीनशे शब्दांची वाटणी खरं तर सोपी आहे. सुरुवातीला तीस, शेवटाला तीस, मधल्या दोनशे चाळिसांत तीन मुद्दे, प्रत्येकी ऐंशी. ऐंशी शब्द म्हणजे सहा-सात वाक्यं. लिहायला बसण्यापूर्वी हे तीन मुद्दे कागदाच्या कोपऱ्यात तीन शब्दांत लिहून ठेवले, की चौथा मुद्दा दारात आला तरी त्याला जागा नाही हे लगेच दिसतं. पण असं कोणी करत नाही. मुद्दे लिहीत लिहीतच सुचतात, आणि सुचलेला प्रत्येक मुद्दा लिहिणाऱ्याला पोटच्या पोरासारखा वाटतो.

आधी सूचनेतला शब्द नीट वाचावा. ‘सुमारे ३००’ म्हणजे साधारण दहा टक्के इकडेतिकडे, २७० ते ३३०, चालवून घेतात, अर्थात ज्यानं तपासायचं त्याची तयारी असेल तर. ‘२५० ते ३००’ या सूचनेला दोन भिंती आहेत. ‘जास्तीत जास्त ३००’ या शब्दांत मात्र दयामाया नाही, ३०१ म्हणजे जास्त. दहा टक्क्यांची सवलत हा कायदा आहे असं समजून ३३० वर निर्धास्त झोपणारे अनेक आहेत. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमातल्या विस्तारित निबंधाला ४,००० शब्दांची मर्यादा आहे आणि परीक्षकानं त्यापुढचं वाचायचंच नाही, असा नियम आहे. म्हणजे निष्कर्ष ४,०५०व्या शब्दावर ठेवला असेल तर तो कितीही तेजस्वी असो, गेला. अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप’मध्ये मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा लागतो आणि तिथे ६५१व्या शब्दासाठी रडून उपयोग नसतो. यंत्र ऐकत नाही. त्या मानानं शिक्षक फार प्रेमळ.

आता मोजणी. वहीत लिहिलं असेल तर कुठल्याही तीन पूर्ण भरलेल्या ओळी निवडून त्यांतले शब्द मोजायचे, सरासरी काढायची आणि एकूण ओळींनी गुणायचं. अर्ध्या ओळी दोन मिळून एक धरायच्या. खाडाखोड मोजायची नाही, ती फक्त दिसते. या पद्धतीत पाच-दहा शब्दांची चूक राहते, पण एकेक शब्दावर बोट ठेवून मोजण्यात त्याहून मोठी राहते. एकशे चाळीसच्या आसपास कुणीतरी हाक मारतं, मग पुन्हा पहिल्यापासून. शिवाय बोटाला ‘व’, ‘ही’, ‘तो’ ही बारकी मंडळी दिसत नाहीत. हिशेबात ‘व’ आणि ‘अनन्यसाधारण’ यांचं वजन सारखंच. तरीही एकेक मोजायचंच असेल तर दर दहाव्या ओळीच्या शेवटी पेन्सिलीनं आकडा टाकत जावं, म्हणजे हाक आली तरी दहा ओळीच वाया जातात.

संगणकावर हे काम क्षणात होतं. गुगल डॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबलं की आकडा समोर. वर्डमध्ये तो खालच्या पट्टीवरच असतो, आणि एखादा परिच्छेद निवडला तर फक्त त्याचा आकडाही मिळतो. कुठला परिच्छेद जागा अडवून बसलाय ते पकडायला ही सोय उत्तम. पण यंत्राची शब्दाची व्याख्या व्याकरणातली नव्हे. दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे काही सापडेल तो शब्द, असा अनेक प्रोग्रॅमचा खाक्या. त्यामुळे ‘दिवस-रात्र’ हा एक शब्द, आणि ‘दिवस - रात्र’ हे तीन, त्यातली एक आडवी रेघ. पूर्णविरामाच्या आधी मोकळी जागा सोडायची सवय असेल तर एकेक टिंब शब्द म्हणून मोजलं जाऊ शकतं. पंचवीस वाक्यं, पंचवीस टिंबं. निबंध २९० शब्दांचा असतो, यंत्र ३१५ दाखवतं, आणि माणूस बसतो चांगली विशेषणं उडवत.

मर्यादा शब्दांऐवजी अक्षरांची असेल तर देवनागरीत लिहिणाऱ्याचा वेगळाच छळ होतो. आपण ‘स्त्री’ हे एक अक्षर समजतो. संगणक ते स, पायमोड, त, पायमोड, र आणि दीर्घ वेलांटी असं सुटं करून सहा मोजतो. ‘राष्ट्र’ दिसायला दोन, मोजायला सात. जोडाक्षरांची हौस तिथे महागात पडते.

मर्यादा ओलांडल्याचं कळल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? अक्षर बारीक करतो. समास अरुंद करतो, दोन ओळींतलं अंतर कमी करतो, संगणकावर असेल तर फॉन्ट बारावरून साडेअकरावर आणतो. हे उपाय पानांच्या मर्यादेवरचे आहेत, शब्दांच्या नव्हे. बारीक अक्षरातले चारशे तीस शब्द चारशे तीसच राहतात, फक्त वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. आणि वाचणारा एकटा तुमचाच निबंध वाचत नसतो. पन्नास वह्या, प्रत्येकीत दीडशे शब्द जास्त, म्हणजे साडेसात हजार शब्द. तीनशे शब्दांचे पंचवीस निबंध कुणी न सांगता जास्तीचे तपासायचे. लाल पेनाचा रंग गडद का होत जातो, ते या गुणाकारात आहे.

दुसरी युक्ती म्हणजे मोकळ्या जागा गिळून ‘सूर्यउगवलाचनाही’ असं लिहिणं. यंत्र फसतं, माणूस नाही. पण गंमत अशी की मराठीत काही शब्द जोडून लिहिणं हेच शुद्ध आहे. ‘सूर्या शिवाय पृथ्वी वर जीवन कसे राहील’ हे सात शब्द झाले. शब्दयोगी अव्ययं जिथं चिकटवायची तिथं चिकटवा, ‘सूर्याशिवाय पृथ्वीवर जीवन कसे राहील’, पाच. ‘झाडा खाली’, ‘खिडकी समोर’, ‘माणसा प्रमाणे’, ‘पक्षी सुद्धा’ असं फटकून लिहिणाऱ्याचे निबंधभर पंधरा-वीस शब्द फुकट वाढतात. व्याकरण पाळल्याचा असा रोख मोबदला मिळायचे प्रसंग आयुष्यात थोडेच.

खरी छाटणी करताना क्रम चुकला की सगळं चुकतं. बहुतेक जण सुटे शब्द टिपत बसतात. इथला ‘फार’ काढ, तिथला ‘अगदी’ काढ. तासाभरात अकरा शब्द जातात, एकशे एकोणीस उरतात आणि जीव मेटाकुटीला येतो. मग घाबरून एकदम हात मारला जातो तो भलत्याच वाक्यावर. ‘सूर्यप्रकाश पृथ्वीवर पोहोचायला सुमारे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात’ हे नऊ शब्दांचं वाक्य निबंधातली एकमेव ठोस माहिती असते. ते जातं. ‘अनन्यसाधारण’ राहतं.

म्हणून आधी मूळ मसुद्याची एक प्रत बाजूला ठेवावी, म्हणजे कापताना हात थरथरत नाही. मग सुरुवात कापावी. वरच्या त्रेचाळीस शब्दांच्या जागी ‘घड्याळात सकाळचे आठ वाजले, तरी खिडकीबाहेर चांदण्याच’ एवढं आलं की सात शब्दांत सूर्य उगवायचा राहतो आणि छत्तीस शब्द सुटतात. त्यानंतर एक अख्खा मुद्दा काढावा. तीनपेक्षा जास्त मुद्दे असतील तर सर्वांत अशक्त कोणता हे आपल्याला मनातून माहीत असतं. तो बहुधा विनोदी असतो, सूर्य नाही म्हणून शाळेला सुट्टी वगैरे. तो साठ शब्दांचा असेल तर साठच्या साठ जाऊ द्यावेत. त्याला वीस शब्दांत आटवून ठेवण्याचा मोह होतो, पण मग तो नुसता कण्हत पडतो. तिसरा हात शेवटच्या परिच्छेदावर. ‘अशा प्रकारे आपण पाहिले की’ म्हणून आत्ताच वाचलेलं पुन्हा सांगितलेलं असतं, तिथून पंचवीस निघतात. वाचणाऱ्याची स्मरणशक्ती दीड पान तरी टिकते, यावर विश्वास ठेवावा.

सुट्या शब्दांची पाळी यानंतर. ‘राहत आलेला आहे’चं ‘राहतो’ होतं. ‘सौरऊर्जेच्या माध्यमातून’ म्हणजे ‘सौरऊर्जेने’. ‘उष्णता देण्याचे काम करतो’ऐवजी ‘उष्णता देतो’ म्हटलं तरी सूर्याच्या कामात खंड पडत नाही. आणि जोड्या फोडाव्यात: आनंद आणि उल्हास, मदत व सहकार्य, दुःख आणि वेदना. दोघांतला एक घरी गेला तर दुसरा एकट्यानं काम भागवतो. असे बारा शब्द सहज मिळतात.

कापून झालं की एकदा मोठ्यानं वाचावं, कारण छाटणीनंतर काही अवयव लोंबकळत राहतात. ‘दुसरे कारण म्हणजे’ असतं आणि पहिलं कारण आपण मघाशीच उडवलेलं असतं. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ म्हटलेलं असतं आणि वर काहीच सांगितलेलं नसतं. एखादा ‘म्हणूनच’ परिच्छेदाच्या तोंडाशी कशामुळे ते न सांगता उभा असतो. या तिघांना शोधून काढलं नाही तर निबंध मर्यादेत बसतो, पण मधूनच झोपेतून उठल्यासारखा बोलतो.

हिशेब लावू. ४३० मधून सुरुवातीचे ३६, मुद्द्याचे ६०, शेवटाचे २५, सुटे १२. उरले २९७. जास्तीत जास्त ३०० च्या आत. आता वही मिटावी, पान पाठवून द्यावं, पाणी प्यावं.

पण तीन जागा रिकाम्या दिसतात. एवढ्या कष्टानं मिळवलेल्या मर्यादेतले तीन शब्द सोडून द्यायचे? हात आपोआप पहिल्या परिच्छेदाकडे जातो आणि जुन्या ओळखीनं लिहितो, ‘असे म्हटले तर वावगे ठरणार नाही’. सहा शब्द, ३०३. यातले पहिले तीन काढून नुसतं ‘वावगे ठरणार नाही’ ठेवलं तर बरोबर तीनशे होतात. वाक्याला अर्थ राहत नाही, पण आकडा काय देखणा दिसतो!