पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटचा खरा दर कसा काढायचा

सेल्स ऑफिसात पाणी, कॉफी झाली की पहिला आकडा कानावर पडतो तो फुटाच्या दराचा. पाहुण्यांना, ऑफिसातल्यांना आपण तोच सांगत फिरतो. माझं स्पष्ट मत आहे की घर घेणाऱ्याच्या दृष्टीने हा सगळ्यात निरुपयोगी आकडा आहे.

पुण्याचं उदाहरण घेऊ. ८४० फूट 'सेलेबल' (म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटाही धरून बिल्डर सांगतो ते क्षेत्रफळ), दर १०,७००, म्हणजे साधारण ९० लाखांचा टू बीएचके. रेरा हा घरखरेदीचा कायदा २०१७ पासून लागू आहे, विक्री कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच करायची असं तो सांगतो आणि 'सेलेबल' या शब्दाला कायद्यात जागाच नाही. तरी एजंटच्या तोंडी तोच असतो, कारण क्षेत्रफळ फुगलं की दर छोटा दिसतो. करारनाम्यात बघा, कार्पेट ५५.७४ चौरस मीटर लिहिलेलं असेल. १०.७६४ ने गुणा. ६०० फूट. आता ९० लाखांवर ५ टक्के जीएसटी साडेचार लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्क ६ लाख ३० हजार, नोंदणी फी ३० हजार, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स महिना ५ रुपये फुटाने धरला तर १८ टक्के जीएसटीसकट ८५ हजार. बेरीज १ कोटी २ लाखांच्या घरात. भागिले ६००. फुटाला १७,००० रुपये. घराचा दर हा. १०,७०० हा जाहिरातीचा दर.

(मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट 'स्वस्त' म्हणून घेताना हे साडेचार लाख लोक विसरतात.)

कार्पेटमध्येही एक गंमत आहे. आतल्या खोल्यांमधल्या भिंती त्यात धरतात, बाल्कनी धरत नाहीत. त्यामुळे टेपने खोल्या मोजून बेरीज केली तर ती ६०० पेक्षा कमीच येणार, त्यात फसवणूक नाही. फसवणूक असते ती 'युजेबल कार्पेट' नावाच्या नव्या आकड्यात. त्यात बाल्कनी, ड्राय बाल्कनी सगळं घालून ६०० चे ६८० करतात. कॉस्ट शीटवर 'रेरा कार्पेट' असे शब्द शोधा, बाकी आकड्यांवर काट मारा.

सॅम्पल फ्लॅटमध्ये टेप घेऊनच जा. १० बाय १० ची बेडरूम असेल तर साडेसहा फूट लांब पलंग भिंतीला लावल्यावर पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. समोर दोन फूट खोलीचं कपाट आलं की चालायला दीड फूट. कपाटाचं दार उघडलं की तेही गेलं. म्हणून सॅम्पल फ्लॅटमधला पलंग आखूड असतो आणि कपाटाच्या जागी आरसा असतो.

आता पैशांकडे. सगळे ईएमआयची चर्चा करतात, पण माणूस अडतो तो त्याच्याही आधी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के एवढीच मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ९० लाखांवर जास्तीत जास्त ७२ लाख मिळतील. काही बँका जीएसटी धरतात, काही नाही. जीएसटी धरला नाही तर ३० लाख रोख स्वतःचे हवेत, तेही फर्निचरच्या आधी. ७२ लाखांवर ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर हप्ता साडेबासष्ट हजार, एकूण फेड दीड कोटी.

आणि हा हप्ता भाडं भरता भरता सुरू होतो. महारेराच्या (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) नमुना करारनाम्यात पैसे देण्याचे टप्पे दिलेत. करारनामा झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथला (जोत्यापर्यंत बांधकाम आलं की) एकूण ४५, सगळे स्लॅब झाले की ७०. पुढच्या भिंती, प्लास्टर, टाइल्स, दारं-खिडक्या या सगळ्याला मिळून फक्त ५ टक्के. आता सांगा, बिल्डर स्लॅब भराभर का टाकतो आणि प्लास्टरला दोन वर्षं का लागतात? शेवटचा स्लॅब पडला तेव्हा तुमचे ७० टक्के गेलेले असतात. घरात मात्र साधा नळही नसतो. डिमांड लेटर, म्हणजे पुढचा टप्पा भरा असं बिल्डरचं पत्र आलं की सोबत आर्किटेक्टचा दाखला मागा आणि साइटवर जाऊन स्लॅब स्वतः मोजा. बँक पैसे सोडते, पण मोजायला दर वेळी येईलच असं नाही. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, तेव्हा 'आज २० भरा, ऑफर संपतेय' याला हसून नाही म्हणा.

दर खाली का येत नाहीत? मुंबईत मोकळी जमीन जवळपास नाही, नवं घर बहुतेक पुनर्विकासातून येतं. समजा जुन्या सोसायटीचं कार्पेट १०,००० फूट आहे आणि सभासदांना ३५ टक्के जास्त द्यायचं ठरलं. म्हणजे १३,५०० फूट फुकट बांधून द्यायचे. विकायला तेवढेच उरले तर बांधलं २७,०००, विकलं १३,५००. बांधकाम ५,००० रुपये फूट पडलं तर विक्रीच्या फुटावर ते १०,००० होतं. वर सभासदांचं तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस (सोसायटीला द्यायची ठोक रक्कम), जादा बांधकामासाठी महापालिकेला भरायचं प्रीमियम, टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकामाचे हक्क) आणि या सगळ्यावरचं व्याज. नवा ग्राहक दोन घरांचे पैसे भरतो, एक स्वतःचं आणि एक शेजाऱ्याचं. सर्वसाधारण सभेत 'आणखी २ टक्के द्या' म्हणून टाळ्या पडतात, त्याचं बिल सभेत नसलेला माणूस भरतो.

सवलतींनी यावर उतारा पडत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत मुद्रांक शुल्क ५ चं २ टक्के केलं होतं. २०२१ मध्ये बिल्डरांना प्रीमियममध्ये ५० टक्के सूट मिळाली, अट एवढीच की ग्राहकाचं मुद्रांक शुल्क त्यांनी भरायचं. दर कमी करा अशी अट नव्हती. आणि १ टक्का जीएसटीची 'परवडणारी घरं' ही २०१९ ची व्याख्या बघा. मुंबई महानगरात ६० चौरस मीटर आणि ४५ लाखांच्या आत. ६४५ फूट, फुटाला ७,००० पेक्षाही कमी. दादर-अंधेरीत तर सोडाच, कल्याणच्या पुढे शोधत बसा.

घासाघीस करायला जाण्याआधी एक काम करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. त्याच इमारतीतले अलीकडचे दस्त काढून इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा सरकारी गोषवारा बघा. मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ सगळं असतं. मोबदल्याला कार्पेटने भागा आणि तो कागद टेबलावर ठेवा. फार खालीही उतरू नका. रेडीरेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा) कमी किंमत ठरली तरी मुद्रांक शुल्क रेडीरेकनरवरच लागतं, आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर आयकर दोघांच्याही मागे लागतो. जुन्या रीसेलच्या दस्तांत क्षेत्रफळ बऱ्याचदा बिल्टअप (बाहेरच्या भिंतींसकट) लिहिलेलं असतं, ते कार्पेट समजून भागाकार केलात तर दर खूपच कमी दिसेल.